पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणून आलेले पेढे

लालबागमधल्या माझ्या दवाखान्यात औषधाला येणाऱ्यांइतकेच लोक रिपोर्ट वाचून घ्यायला येतात. तपासण्या परळला होतात, मोठे डॉक्टर परळला बसतात, पण कागदावर नेमकं लिहिलंय काय हे विचारायला माणूस आपल्या फॅमिली डॉक्टरकडेच वळतो. नानांचं प्रकरण असंच एका कागदापासून सुरू झालं. ते त्यांच्या संमतीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माझ्या चुका मात्र तशाच ठेवल्या आहेत.

नाना ६१ वर्षांचे, बेस्टमधून निवृत्त झालेले वाहक. तंबाखू-चुना मळून डाव्या गालात धरायची सवय पस्तीसएक वर्षांची. कॅन्सर झाला तोही त्याच जागी, खालची हिरडी आणि गाल यांच्यामधल्या खाचेत. जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीचा स्नायू वळवून गाल भरला, मग रेडिएशन आणि सोबत केमो. त्यानंतर आठ महिने बरे गेले. तोंड जेमतेम एक बोट उघडायचं, जेवण म्हणजे पेज, आंबील आणि मिक्सरमधून काढलेली आमटी. पण संध्याकाळी भारतमाताच्या चौकापर्यंत चालत जाऊन यायचे.

नवव्या महिन्यात मानेच्या डाव्या बाजूला सूज आली. मुलाने कोपऱ्यावरच्या लॅबमधून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून आणली. पांढऱ्या पेशी १४,८००. मी तो आकडा पाहिला, सुजेवर हात ठेवला, ती किंचित गरम वाटली, आणि रेडिएशन झालेल्या तोंडात जंतुसंसर्ग नेहमीचाच असा हिशेब करून पाच दिवसांचं अँटिबायोटिक लिहिलं. हिमोग्लोबिन ९.४ होतं म्हणून लोहाच्या गोळ्याही लिहिल्या. पाच दिवसांनी सूज तेवढीच होती, म्हणून चार दिवस डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं. ते घेतल्यावर नानांना झकास वाटायला लागलं. भूक लागली, झोप लागली, पत्त्यांचा डाव मांडला. पुन्हा सीबीसी केली तर पेशी १७,६००.

त्या संध्याकाळी नानांची बहीण दवाखान्यात पेढ्यांचा पुडा घेऊन आली. ‘केमोत पेशी कमी झाल्या म्हणून डोस पुढे ढकलायचे, डॉक्टर. आता बघा कशा वाढल्यात! प्रतिकारशक्ती परत आली ना?’ नानांनी एक पेढा जिभेवर धरून विरघळवला. मीही एक खाल्ला, हे कबूल करायला हवं.

रात्री दवाखाना बंद करताना तोच रिपोर्ट पुन्हा उघडला आणि या वेळी एकूण आकड्याच्या खालच्या ओळी वाचल्या. त्या मी पहिल्याच दिवशी वाचायला हव्या होत्या. दुसऱ्या रिपोर्टवर स्टेरॉइडची सावली होती. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट हे पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार; स्टेरॉइडने रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि लिम्फोसाइट घटतात, त्यामुळे त्या आकड्यांवर विसंबता येत नव्हतं. म्हणून स्टेरॉइडच्या आधीचा पहिला कागद काढला. न्यूट्रोफिल ८६ टक्के, लिम्फोसाइट ७ टक्के, प्लेटलेट ५.१ लाख. म्हणजे १४,८०० पैकी लिम्फोसाइट जेमतेम हजार, आणि बाकीची जवळजवळ सगळी गर्दी न्यूट्रोफिलची. दोघांचं प्रमाण १२ च्या वर.

आपण ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतो तेव्हा हे सगळं एकाच गोणीत भरतो, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. कॅन्सरची पेशी ओळखून तिला मारण्याचं मुख्य काम लिम्फोसाइटमधल्या टी पेशींचं, त्यातही सीडी८ असा बिल्ला असलेल्यांचं. न्यूट्रोफिल हे जंतूंवर तुटून पडणारं दल. कॅन्सरमध्ये मात्र बऱ्याचदा ते गाठीच्या चाकरीला लागतं. नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतं, टी पेशींना लागणारं आर्जिनिन हे अमिनो आम्ल संपवून त्यांना लुळं करतं. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांच्या प्रमाणावर २०१४ साली एक मोठं संकलन प्रसिद्ध झालं होतं. त्यात वेगवेगळ्या गाठींच्या कॅन्सरवरचे १०० अभ्यास आणि ४०,५५९ रुग्ण होते. प्रमाण साधारण ४ च्या वर गेलेल्यांत मृत्यूची जोखीम १.८१ पट निघाली. हे प्रमाण म्हणजे खुणेचा दगड आहे, कारण नव्हे. तापाने, न्यूमोनियाने, स्टेरॉइडने, अगदी हार्ट अॅटॅकनेही ते वाढतं. पण अँटिबायोटिकनंतरही न हललेली सूज आणि १२ चं प्रमाण एकत्र आल्यावर मला दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या घरी जाऊन परळला पाठवण्याची चिठ्ठी लिहावी लागली. नानांच्या बहिणीचा, आत्याबाईंचा, चेहरा उतरला. पेढ्यांचा विषय कुणी काढला नाही.

बायोप्सीत कॅन्सर परत आल्याचं निघालं. मानेत, कातडीला चिकटलेला, पुन्हा कापून निघण्यासारखा नाही.

तिथे केलेल्या बाकीच्या तपासण्यांचा कागद मुलगा माझ्याकडे घेऊन आला. तो बँकेत आहे, आकड्यांचा माणूस. दाह दाखवणारं प्रथिन सीआरपी ७४, म्हणजे वरच्या मर्यादेच्या कितीतरी पट. रक्तातलं मुख्य प्रथिन अल्ब्युमिन २.९, कमी. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ६१०, जास्त. हिमोग्लोबिन कमी, प्लेटलेट जास्त. ‘एवढे वेगवेगळे आजार कसे झाले बाबांना?’ त्याने विचारलं. मी त्याला म्हटलं की हा एकच आजार आहे, आणि या ओळींमागे बऱ्याच अंशी एकाच रेणूचा हात आहे.

तो रेणू म्हणजे इंटरल्यूकिन-६. पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी प्रथिनं सोडतात त्यांना सायटोकाइन म्हणतात, त्यांपैकी हे एक. त्याचं जनुक १९८६ मध्ये जपानमध्ये ओसाकाच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. तेव्हा ते बी पेशींना अँटिबॉडी बनवायला लावणारं द्रव्य म्हणून ओळखलं गेलं, पुढे कळलं की शरीरातल्या अर्ध्या खात्यांना त्याचे हुकूम जातात. गाठीतल्या कॅन्सर पेशी, त्यांच्या भोवतीचे तंतू विणणारे फायब्रोब्लास्ट आणि गाठीत शिरून तिथलेच होऊन बसलेले मॅक्रोफेज (भक्षक पेशी), असे सगळे ते सोडतात. ते यकृतात पोचलं की यकृत अल्ब्युमिनचं काम मागे ठेवतं आणि सीआरपी बनवायला घेतं. सीआरपी वर आणि अल्ब्युमिन खाली जाण्यामागे हे मोठं कारण. त्याच हुकुमाने यकृत थ्रॉम्बोपोइटिन जास्त बनवतं आणि प्लेटलेट वाढतात. त्याच हुकुमाने हेप्सिडिन नावाचा संप्रेरक वाढतो आणि शरीरातलं लोह साठ्यात कुलूपबंद होतं. लोह असतं, म्हणून फेरिटिन वर. पण अस्थिमज्जेला ते मिळत नाही, म्हणून हिमोग्लोबिन खाली. मी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनी नानांना फक्त बद्धकोष्ठ झालं. हेप्सिडिन आतड्यातूनही लोह आत येऊ देत नाही.

न्यूट्रोफिलची गर्दी आणणारे निरोपे वेगळे, पण गाव तेच. जी-सीएसएफ अस्थिमज्जेला न्यूट्रोफिल ओतायला लावतं, इंटरल्यूकिन-८ त्यांना गाठीकडे ओढून नेतं. पहिल्याच दिवशी सीबीसीतल्या तीन ओळी एकत्र वाचल्या असत्या, तर दहा-बारा दिवस वाचले असते. त्या दिवसांनी आयुष्य किती बदललं असतं, याचं उत्तर मी देऊ शकत नाही, आणि मुलाने विचारलंही नाही.

त्याने दुसरंच विचारलं. ‘मग हे इंटरल्यूकिन-६ बंदच का करत नाहीत? कोविडमध्ये बाबांच्या मित्रासाठी टोसिलिझुमॅब शोधत आम्ही रात्रभर फिरलो होतो. ते त्याच्यावरच होतं ना?’ प्रश्न बिनतोड होता. टोसिलिझुमॅब इंटरल्यूकिन-६ चा दरवाजा अडवतं, हे खरं. पण थेट इंटरल्यूकिन-६ ला पकडणाऱ्या सिल्टुक्सिमॅबने जेव्हा असे गाठींचे कॅन्सर असलेल्या रुग्णांवर एकट्याने प्रयत्न झाले, तेव्हा गाठी आटल्या नाहीत. एक निरोप्या अडवला तर बाकीचे चार निरोप पोचवतात.

आता बायोप्सीबद्दल. रक्तात काय आहे यापेक्षा गाठीच्या आत कोण बसलंय हे जास्त सांगून जातं, आणि नुसतं कोण नव्हे, कुठे बसलंय हेही. २००६ साली फ्रान्समधल्या एका गटाने आतड्याच्या कॅन्सरमध्ये दाखवलं की गाठीच्या मध्यात आणि कडेला टी पेशी किती दाट आहेत यावरून रुग्णाचं पुढे काय होईल याचा अंदाज नेहमीच्या स्टेजपेक्षाही चांगला बांधता येतो. त्यातून निघालेली मोजणी २०१८ मध्ये २,६८१ रुग्णांवर पडताळली गेली. तोंडाच्या कॅन्सरमध्ये अशी मोजणी रोजच्या रिपोर्टात येत नाही. माझा एक वर्गमित्र पॅथॉलॉजिस्ट आहे. त्याने नानांची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि फोनवर एवढंच म्हणाला, ‘दाराशी गर्दी आहे रे, आत मात्र चुकार दोघंतिघं.’ टी पेशी गाठीच्या कडेपर्यंत आल्या होत्या आणि तिथेच खोळंबल्या होत्या. गाठीभोवतीचे फायब्रोब्लास्ट टीजीएफ-बीटा या सायटोकाइनच्या सांगण्यावरून जाड तंतूंचं कुंपण घालतात, त्यामुळे असं होतं.

रिपोर्टवर आणखी एक ओळ होती. पीडी-एल१, सीपीएस २०, म्हणजे गाठीत पीडी-एल१ हे प्रथिन किती दिसतं त्याचा गुणांक. ही ओळ नानांना समजावून सांगताना मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की वैद्यकशास्त्राची पुस्तकं कंडक्टरांसाठी लिहायला हवी होती.

टी पेशीला कॅन्सरची पेशी नुसती दिसून भागत नाही. ओळख पटली ही पहिली खूण. दुसरी खूण सीडी२८ नावाच्या वेगळ्या दारातून यावी लागते. दोन्ही मिळाल्या तरच पेशी कामाला लागते. ‘म्हणजे डबल बेल,’ नाना म्हणाले. शब्द तुटक यायचे, कारण अर्धा जबडा नव्हता, पण डोळे चमकले. जुन्या गाड्यांत छताला दोरी असायची. एकदा ओढली की गाडी थांबणार, दोनदा ओढली की सुटणार. मी म्हटलं, ‘बरोब्बर. आणि ही गाठ काय करते माहीत आहे? टी पेशी जवळ आली की सिंगल बेल मारते.’ टी पेशीवर पीडी-१ नावाची कळ असते. ती १९९२ मध्ये जपानमध्ये क्योटोला सापडली, आणि तिचा शोध लावणारे तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल जेम्स अॅलिसन यांच्याबरोबर मिळालं. गाठीवरचं पीडी-एल१ ती कळ दाबतं आणि सीडी२८ ची खूण विझते. प्रवासी चढलेले, ड्रायव्हर बसलेला, गाडी उभी.

यातली गंमत अशी की पीडी-एल१ वाढवणारं सायटोकाइन टी पेशींचंच असतं. टी पेशी लढू लागल्या की इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. त्याने कॅन्सर पेशी अधिक ओळखू येण्याजोग्या होतात, सीएक्ससीएल९ आणि सीएक्ससीएल१० हे निरोप जाऊन आणखी टी पेशी गोळा होतात, आणि त्याच इंटरफेरॉनच्या वाऱ्याने गाठ पीडी-एल१ ची ढाल उभी करते. म्हणून पीडी-एल१ भरपूर असणं एका अर्थी बरी बातमी आहे. ढाल आहे म्हणजे तिथे कुणीतरी वार केलेला असण्याची शक्यता आहे.

नाना म्हणाले, ‘मग दोरी धरून ठेवा की.’ औषध तेच करतं. निवोलुमॅब पीडी-१ च्या कळीवर हात ठेवून बसतं.

औषध माहीत होतं, परवडणारं नव्हतं. मूळ चाचणीतला डोस वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. नानांचं वजन ५२ किलो, म्हणजे दर वेळी १५६ मिलिग्रॅम. त्या चाचणीत, २०१६ साली, डोकं-मानेच्या परत उलटलेल्या कॅन्सरमध्ये वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं होतं. आपल्यासारख्या देशांत अशा उपचारांपर्यंत पोचणारे रुग्ण शंभरात एक ते तीन. या आकड्यावर परळच्याच टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी जे केलं ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत धाडसी काम वाटतं. पीडी-१ च्या कळा थोड्याशा औषधानेही झाकल्या जातात, हे आधीपासून दिसत होतं. मग त्यांनी वजनबिजन न बघता सरसकट २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, असं देऊन पाहिलं. सोबत स्वस्त गोळ्यांची तिकडी, म्हणजे आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब. एकूण १५१ रुग्ण, निम्म्यांना फक्त गोळ्या, निम्म्यांना गोळ्या आणि निवोलुमॅब. निष्कर्ष २०२२ मध्ये आले. वर्षभर जगलेले १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्के. मधला रुग्ण ६.७ महिन्यांऐवजी १०.१ महिने जगला. ४० मिलिग्रॅमच्या एका कुपीत दोन रुग्णांचे डोस बसतात, हे गणित चाळीतल्या कुणालाही कळेल.

मी नानांना दोन्ही आकडे सांगितले. ४३ जगले याचा अर्थ ५७ वर्षाच्या आत गेले, हेही सांगितलं. नानांच्या बायकोला, वहिनींना, ते आवडलं नाही. नानांनी बोटं मोजली आणि विचारलं, ‘दर तीन आठवड्यांनी जायचं ना? मग ठीक आहे, पास काढून ठेवतो.’

सुरुवात करण्याआधी तिथल्या डॉक्टरांनी दोन गोष्टी विचारल्या, आणि दोन्हींची उत्तरं माझ्या चिठ्ठ्यांवर होती. अलीकडे स्टेरॉइड घेतलं का? अँटिबायोटिक घेतलं का? फुफ्फुसाच्या कॅन्सरमधल्या अभ्यासांत, इम्युनोथेरपी, म्हणजे निवोलुमॅबसारखं औषध, सुरू होताना रोज १० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन चालू असलेल्यांना गुण कमी आल्याचं दिसलं आहे. अँटिबायोटिकबाबतही तसंच, बहुधा आतड्यातल्या जंतूंची घडी विस्कटते म्हणून. यात आजार जास्त असलेल्यांनाच ही औषधं जास्त दिली जातात हा घोळ आहेच. तरी नाना जेव्हा मला म्हणाले, ‘ती भूक लागायची गोळी परत द्या ना,’ तेव्हा मी पहिल्यांदा नाही म्हणालो.

काढ्याबद्दलही एकदा बोलावं लागलं. आत्याबाई गुळवेलीचा काढा करून आणत होत्या, प्रतिकारशक्ती वाढवायला. २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांना यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. त्या वादात मला पडायचं नव्हतं. मेथोट्रेक्सेट यकृतावर ताण देतं, निवोलुमॅबने यकृताचा दाह होऊ शकतो, त्यात तिसरं काही घातलं तर दुखणं कुणाच्या नावावर मांडायचं हेच कळणार नाही, एवढं सांगितलं. काढा बंद झाला. मला नंतर कळलं की पूर्ण बंद झाला नव्हता, सोमवारी आणि गुरुवारी चालू होता. मग वहिनींनी गुळवेलीची कुंडीच शेजारच्यांना देऊन टाकली.

निवोलुमॅब सुरू झाल्यावर नवव्या आठवड्यात मानेवरची सूज निम्म्यावर आली. पेशी ८,२००, न्यूट्रोफिल ६८ टक्के, लिम्फोसाइट २०. प्रमाण ३.४. मुलाने तो कागद माझ्यापुढे ठेवताना सांगितलं, ‘पेशी कमी झाल्यात, चांगलं आहे ना?’ आणि स्वतःच हसला.

पाचव्या महिन्यात नाना झोपूनच राहायला लागले. थंडी वाजायची, आवाज घोगरा झाला, चेहरा सुजला. गावाहून नातेवाईक भेटायला आले, त्यांच्या बोलण्यातून सगळ्यांनी मनोमन निरोप घेतलेला कळत होता. मी मात्र त्यांच्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारून पाहिली. पाय उडाला आणि सावकाश, अगदी सावकाश खाली आला. टीएसएच ४८ निघालं, म्हणजे थायरॉइड मंदावलेलं. टी पेशींची गाडी सुटली की त्या थायरॉइडवरही जातात. मानेवरच्या रेडिएशननेही थायरॉइड मंदावतं, तेव्हा दोघांपैकी कुणाचं पाप जास्त हे ठरवणं कठीण. लिव्होथायरॉक्सिन सुरू केलं आणि सहा आठवड्यांत माणूस पत्त्यांच्या डावात परत. थायरॉइड बिघडलेल्यांना इम्युनोथेरपीचा फायदा जास्त होतो असं काही अभ्यास म्हणतात. मुलाने तेही शोधून काढलं होतं. त्याला म्हटलं, जपून. थायरॉइड बिघडायला महिने लागतात, आणि जे आधीच गेले त्यांना ते बिघडायची संधीच मिळत नाही. जास्त जगलेल्यांतच तो बिघाड जास्त सापडणार.

गेल्या महिन्यात, चौदाव्या महिन्यात, पुन्हा सीबीसी आली. पेशी १३,१००, न्यूट्रोफिल ८२, लिम्फोसाइट ११. प्रमाण ७.५. घरात कुणी कागद मोठ्याने वाचला नाही. मी नानांच्या तोंडात टॉर्च मारला. एक बोटाच्या फटीतून उजवीकडची शेवटची दाढ दिसली, तिच्या मुळाशी पिवळा पू. मानेवर हात फिरवला तर जुनी गाठ मऊ, तेवढीच. या वेळी खरोखरच जंतू होते. अँटिबायोटिक द्यायला हात अडखळला, मग परळला फोन केला. द्या, म्हणाले, आणि रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात आमच्या डेंटलवाल्यांना विचारल्याशिवाय कुणाला काढू देऊ नका.

दहा दिवसांनी प्रमाण ३.७. पुढचा स्कॅन सोमवारी आहे.